चौथ्या नावाला बंदी

हात जोडून सांगतो, एकच बटण दहादा दाबू नका. मी बहिरा नाही. मी झेप खो-खो मंडळाच्या वेबसाइटवरचा सुरक्षा प्लगइन बोलतोय. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडलेला राखणदार. मी दिसत नाही, चहा मागत नाही, सुट्टी घेत नाही. म्हणूनच माझी कुणाला किंमत नाही.

माझा जन्म दूर कुठल्यातरी देशात झाला. तिथं मला फुकट वाटत होते. परभणीत फ्लेक्स आणि वेबसाइटचं दुकान चालवणाऱ्या योगीराजनं मला घेतलं ते त्याच एका कारणासाठी. लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावरही माणूस गुलाबजाम घेतो, तसं. घेतलं आणि विसरला. ‘मला अद्ययावत करा’ असं मी रोज म्हणायचो आणि तो रोज ‘नंतर आठवण करा’ दाबायचा. अशी दोन वर्षं गेली.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं मला चक्क बंद केलं. म्हणे साइट जड चालते! संध्याकाळपर्यंत कुणीतरी चोर आत शिरला आणि पहिल्या पानावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात लावून गेला, तीही अध्यक्ष किशनरावांच्या फोटोला खेटून. किशनरावांच्या डोक्यावर एक केस नाही. त्यांनी योगीराजला जे सुनावलं ते मी इथं सांगू शकत नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो: “परत असं झालं तर काम दुसऱ्याला देईन.”

तेव्हा योगीराजनं घाबरून मला ‘अतिकडक’वर लावलं. नेटवाला प्रत्येक घराला, दुकानाला एक नंबर देतो, तो त्यांचा पत्ता. माझा नवा नियम असा, की एका पत्त्यावरून तीन नावं आली तर येऊ द्यायची. चौथं आलं की तो पत्ता दिवसभर बंद. हा नियम करताना योगीराजला वाटलं, एका घरातून चार माणसं कशाला येतील? स्वतःच्या दुकानात बसून ते शहाणपणाचं वाटलं त्याला.

आणि मग आला मंडळाच्या स्पर्धेच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. मुदत पाचची. प्रत्येक मुलीनं आपल्या नावानं आत यायचं, फोटो टाकायचा, ‘मी खेळणार’वर खूण करायची. संघात बाराजणी हव्यातच, एक कमी असली तरी संघ बाद. राणीसावरगावच्या शाळेचे क्रीडाशिक्षक धम्मानंद सर आपल्या बारा पोरी घेऊन राजेश्रीच्या सेवा केंद्रात बसले होते. गावाची सगळी ऑनलाइन कामं तिथंच होतात. कॉम्प्युटर एक, नेट एक, पत्ता एक. मोबाइलवर बोलणं व्हायचं, पण नेट नुसतं गोल फिरायचं.

तिघी आत आल्या. चौथीला मी लाल पाटी दाखवली. मोठ्या रुबाबात दाखवली, खोटं कशाला बोलू?

योगीराज फोन कायम स्पीकरवर ठेवतो, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“योगीराजभाऊ, तुमची साइट आमाला आत घेईना. लाल पाटी यायलीय.”

“सर, तुमचा आयपी पत्ता सांगा. मोकळ्या यादीत टाकतो, मग पाटी येणार नाही.”

सरांनी राजेश्रीला विचारून कॉम्प्युटरमधून शोधून काढला आणि मोठ्यानं वाचला: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच. योगीराजनं तो भक्तिभावानं यादीत टाकला. मी कपाळावर हात मारला असता, पण मला कपाळ नाही. तो आकडा राजेश्रीच्या केंद्राच्या आतला. पोस्टमनला गाव न सांगता नुसता खोलीचा नंबर सांगितला, तर टपाल कुठं जाणार? माझ्या दारात तो नंबर कधी येतच नाही.

“काहीच फरक न्हाई भाऊ,” सर म्हणाले.

“राउटर बंद करून चालू करा,” योगीराज म्हणाला. या लोकांचा हा एकच रामबाण उपाय.

पण तो लागू पडला! राउटर चालू झाल्यावर नेटवाल्यानं नवा पत्ता दिला. मला वाटलं, नवीन पाहुणे. तिघी आत आल्या, चौथीला पुन्हा लाल पाटी. सर वैतागले. तेवढ्यात कर्णधार सृष्टी ओरडली,

“सर, हे तर खो-खो हाय! तीन-तीनचीच तुकडी आत सोडायलंय. राजेश्रीताई, परत बंद करा!”

माझं गुपित पाठीवर थाप मारून उठवलेल्या खेळाडूसारखं पळत सुटलं. योगीराज स्वतः नियम लावून जे विसरला, ते या पोरीनं दोन पाट्यांत ओळखलं. मला राग आला, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. कुणीतरी माझ्याकडं नीट बघितलं होतं.

तिसरी तुकडी आली. नऊ झाल्या. राउटर तिथं पुन्हा चालू व्हायला दहा मिनिटं घेई. चार पन्नासला चौथी तुकडी तयार. सृष्टीनं स्वतःला सगळ्यात शेवटी ठेवलेलं. वयामुळं पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नव्हती. हा तिचा शेवटचा खेळ.

एक आली. दुसरी आली. आणि मधेच, नऊ नावं नीट चढली का बघायला, धम्मानंद सरांनी आपल्या मोबाइलवरून, त्याच केंद्राच्या वायफायवर, स्वतःच्या नावानं आत उडी मारली! ते तिसरे. सृष्टी चौथी झाली.

लाल पाटी. चार सत्तावन्न.

राउटरला हवीत दहा मिनिटं, हातात उरली तीन. मग सरांचा आवाज आला, अगदी बारीक. “माझंच चुकलं, पोरी.”

सृष्टी म्हणाली, “रडू नका ना सर. भाऊ, तुमी हाव ना तिथं? कायतरी करा की.”

त्या पोरीला आत घ्यावं असं मला फार वाटलं. पण मला वाटून काय उपयोग? मी नियम आहे. योगीराज माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांपुढं किशनराव उभे असणार. त्यानं एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही, आणि मला बंद केलं.

पुढचं मला माहीत नाही. बंद असलेल्याला काही कळत नसतं.

तीन दिवसांनी मला पुन्हा चालू केलं. पहिल्या पानावर तेलाची नवी जाहिरात होती, या वेळी दोन बाटल्यांवर कंगवा मोफत. योगीराज ती पुसत होता आणि स्पीकरवर किशनराव गरजत होते. तो फक्त “हो साहेब” म्हणत होता. मोकळ्या यादीत तो खोलीचा नंबर अजून तसाच होता. माझा नियम मात्र तीनचा तीस झाला होता.

मी आधी नोंदणीची यादी उघडली. राणीसावरगाव, मुली, बारा नावं. बाराव्या नावासमोर वेळ होती चार एकोणसाठ.

इतकी वर्षं मी डोळ्यांत तेल घालून दार राखलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम मात्र मी बंद पडलेलो असताना झालं.