चौदा नंबरचा खांब

सरकार रेनो लाहतीला लुटतं, हे गावात ज्याला ठाऊक नव्हतं, तो रेनोबरोबर एकदाही सॉनाच्या गरम वाफेत बसला नव्हता. दर शनिवारी घामाघूम होऊन तो तेच कीर्तन लावायचा. रानात चारचाकी क्वाड बाइक फिरवायची तर म्हणे दरवर्षी पैसे मोजून परवान्याचं स्टिकर घ्या!

"माझा आजा फिनलंडहून इथे झाडं तोडायला आला, तेव्हा त्याने कुऱ्हाडीला स्टिकर लावलं होतं का रे?"

"अरे बाबा," रानवाटा सांभाळणाऱ्या क्लबचा डग पेलेटियर कपाळाला हात लावायचा, "त्याच पैशातून वाटा साफ होतात, पूल होतात, फाट्याफाट्यावर नंबरचे खांब लागतात. पोरांना आम्ही हेल्मेट घालून चालवायला शिकवतो, ते काय माझ्या खिशातून?"

"पाटी वाचत फिरायला मी काय शिकागोचा पाहुणा आहे?"

स्वाभिमान म्हणजे स्वाभिमान! रेनोने जन्मात एक स्टिकर विकत घेतलं नाही. वनरक्षक त्याच्या मागून यायचा, हात हलवायचा आणि पुढे निघून जायचा. "टरकतो मला," रेनो जेवताना सांगायचा. बायको, आयली, जॅम ढवळत "हो का?" म्हणायची.

जूनमध्ये तर क्रांतीच झाली. रेनोने रानातले दोन खांब उपटून आणले. सरळ, हलके, न कुजणारे. चौदा नंबर टोमॅटोला आधाराला लावला, पंधरा नंबर काकडीला. "माझ्या कराचा परतावा," म्हणाला. टोमॅटोही मेले असे माजले की शेजारी कुंपणापाशी थांबून बघायचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आयली क्वाड घेऊन बेऱ्या तोडायला गेली. संध्याकाळी फोन आला.

"रेनो, चुकले रे मी. फाट्यावर खांबच नव्हता. डावीकडे वळले नि ओढ्यात पडले. मशीन पायावर आहे. पाणी फार गार..."

फोन तुटला. परत लागेना.

रेनोने कळवताच डग बचावपथक घेऊन त्याच्या अंगणात हजर झाला. नवं स्ट्रेचर, नवे दिवे, सगळं त्या लुटीतलंच. रेनोने त्याला फोनवरचं शब्दन् शब्द सांगितलं.

"खांब नसलेला फाटा?" डग नकाशावर वाकला. "आमच्या वाटेवर असा एकही नाही. सगळे मे महिन्यात मीच लावलेत. म्हणजे ती पार उत्तरेच्या जुन्या रस्त्याला लागली. चला रे, उत्तरेला!"

इंजिनं सुरू झाली. उत्तरेला गेले तर आयली रात्रभर पाण्यात राहणार, आणि इथली रात्र म्हातारीच्या हाडांना झेपणारी नव्हे.

"थांब! उत्तरेला नाही. चौदा नंबरचा फाटा."

"तिथे खांब आहे, बाबा."

"नाहीये." रेनोने मान खाली घालून बागेकडे बोट केलं. "टोमॅटोत आहे."

डगने पाहिलं. पिकलेल्या टोमॅटोंमधून चौदाचा आकडा लख्ख दिसत होता.

"अजून?"

"पंधरा काकडीत."

डगने नकाशाची घडी घातली नि पथकाला चौदाच्या फाट्याकडे वळवलं. शिव्या घातल्या असत्या तर रेनोला बरं वाटलं असतं.

चौदाच्या फाट्यावरून डावीकडे, ओढ्यात, आयली सापडली. ओठ निळे, पण शुद्धीवर. चौघांनी मशीन उचलून बाजूला केलं, तसा दिव्याचा उजेड त्याच्या मागच्या बाजूवर पडला. तिथे यंदाचं कोरं करकरीत स्टिकर होतं. त्याखाली मागच्या वर्षीचं, त्याखाली त्याच्याही आधीचं. मशीन धुणं हे बायकोचं काम, असं मानणाऱ्या माणसाला मागची बाजू कशाला दिसते!

"हे... कुणी लावलं?"

"मी," स्ट्रेचरवर थरथरत आयली म्हणाली. "दर वर्षी, जॅमच्या पैशातून. नाहीतर वनरक्षकाने तुला कधीच धरलं असतं."

रेनोने तिचा हात धरला. त्याला रडू आवरेना.

"आयली, तो चौदा नंबरचा खांब..."

"माहितेय," ती म्हणाली. "रोज पाणी घालते मी त्या टोमॅटोंना. तू तो कुठून उपटलास, तेवढं मात्र कधी विचारलं नाही."