चर्चच्या ओसरीवरचा गंज

मित्रांनो, आमच्या गोंदियाकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. मी तसाच एक पितळी गंज, आता वयाने बराच जुना. बिरसीच्या विमानतळाजवळच्या एका गावात छोटं चर्च आहे, तिथे माझा मुक्काम. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावरून घरघरत जातात. गेली पाच वर्षं माझ्या सोबतीला तेवढाच आवाज होता.

मला भंडाऱ्याच्या एका कारागिराने ठोकून ठोकून घडवलं. गावातल्या अकरा ख्रिस्ती कुटुंबांनी मला नाताळच्या जेवणासाठी आणलं. पण चर्चचे तेव्हाचे पाळक म्हणाले, "नाताळ वर्षातून एकदा. बाकीचे दिवस हा काय नुसता बसून राहील?" त्यांनी मला चर्चच्या ओसरीवर ठेवलं. कुलूप नाही, साखळी नाही. ज्याला लागेल त्याने न्यावं आणि घासून आणून ठेवावं.

मग मला उसंत मिळेना. लग्न असो, बारसं असो, धानाच्या रोवणीला आलेल्या बायांचं जेवण असो, मी हजर. माझ्यात शिजलेली वांग्याची भाजी गावभर वाखाणली जाई आणि मला वाटे, सगळी करामत माझीच. एक रीतही आपोआप पडली. मला कोणी रिकामा परत आणत नसे, तळाशी ओंजळभर तांदूळ असे. चर्चच्या मंडळीतले लोक तो एका डब्यात साठवत आणि नाताळला त्याचाच भात रांधत. त्या भातात सगळ्या गावाचा तांदूळ असे आणि जेवायलाही सगळं गाव असे.

एकदा लग्नाच्या घाईत माझी दुसऱ्या गंजाशी अदलाबदल झाली. आठ दिवस मी परक्या घरी होतो. मंडळीचे कारभारी इंद्रकुमार यांनी मला शोधून आणलं, गोंदियाच्या बाजारात नेलं आणि भांड्यांवर नाव घालतात तसं माझ्या पोटावर मंडळीचं नाव कोरून घेतलं. वर एक सुबक क्रूस. मी पुन्हा हरवू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्यानंतर मला न्यायला आले बकाराम. त्यांचं घर चर्चला लागूनच. माझा एक कान ते धरत, दुसरा त्यांचे मित्र यादोराव. त्या दिवशी बकारामांनी क्रूस पाहिला आणि हात मागे घेतला.

"यादोराव, हा आता यायच्या चर्चच्या देवाचा गंज झाला. याले चुलीवर कसा चढवाचा? पाप लागन."

"मंग?"

"मंग काय. राहू दे."

दोघांनी मला हात जोडले आणि निघून गेले. ओसरीवर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

ही गोष्ट गावातल्या बाकीच्या घरांत पसरली, पण मंडळीच्या कानावर कोणी घातली नाही. मला न्यायला कोणी येईना. इकडे चर्चमध्ये लोक हळू आवाजात म्हणू लागले, "क्रूस पाहून लोकायले नको वाटत असन." त्यांना वाईट वाटलं. विचारायला गेलो तर शेजाऱ्यांना अवघड होईल, म्हणून ते गेले नाहीत. एका बाजूने आदरापोटी हात मागे घेतला, दुसरीने भिडेपोटी. मला मात्र दोन्हीकडचं ठाऊक होतं. मला दोन कान आहेत, तोंड तर हे एवढं मोठं. पण बोलता येत नाही.

पुढे मला मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमध्ये ठेवलं. कल्हई उडाली, कानांशी हिरवे डाग चढले. नाताळचा भात आता विकतच्या तांदळाचा आणि अकरा घरांपुरताच, तो लहान पातेल्यात मावे. पंक्तीचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येई आणि फार एकटं वाटे. खोलीची खिडकी बकारामांच्या अंगणाकडे होती. ते जाता-येता तिथे थांबत, मला हात जोडत आणि पुढे जात. मित्रांनो, मला ते हात जोडलेले नको होते. मला ते माझ्या कानांना हवे होते.

यंदा धानाची कापणी आटोपली आणि बकाराम गेले. चर्चमधले लोक मातीला गेले, पण नंतर त्यांच्या घरी जायला कचरत राहिले. आपण गेलेलं चालेल का, असं प्रत्येकाला वाटे. शेवटी मंडळीतल्या वच्छलाबाई एकट्याच गेल्या. बकारामांच्या पत्नी अनुसयाबाई अंगणात बसल्या होत्या. मी खिडकीतून ऐकत होतो.

"तेरवीच्या जेवनाले गंज कुठून आनता, अनुसयाबाई?"

"गोंदियाहून. किरायानं."

"आपला काऊन नाई नेत?"

"तो तुमच्या देवाचा हाय. त्यात भाजी कशी शिजवाची? हे तं त्याले रोज हात जोडत."

वच्छलाबाईंनी अनुसयाबाईंचा हात धरला. मग म्हणाल्या, "नाव तं हरवू नये म्हनून घातलं वं. चुलीसाठीच हाय तो. आमाले वाटलं, क्रूस पाहून तुमालेच नको झाला. पाच वर्सं झाली. एकदा येऊन इचारलं असतं तं."

"आमी तरी कुठं इचारलं," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

मला नवी कल्हई केली. तेरवीच्या सकाळी इंद्रकुमारांनी एक कान धरला, यादोरावांनी दुसरा. बकारामांची जागा इंद्रकुमारांनी घेतली हे मला लगेच कळलं, कारण ती पकड वेगळी होती. मंडळीतली माणसं पाणी वाढत होती, पत्रावळी उचलत होती. चुलीच्या धुराने माझा क्रूस काळा झाला. अनुसयाबाईंनी तो राखेने आणि चिंचेने स्वतः घासला. मला ओसरीवर ठेवून त्यांनी माझ्या तळाशी ओंजळभर तांदूळ टाकला.

"आमच्या यायच्या हातचा शेवटचा धान हाय," त्या म्हणाल्या. "नाताळले रांधा. मी येतो जेवाले."

मित्रांनो, आता मी पुन्हा ओसरीवर आहे. तुम्ही तुमची भांडी जपा, त्यांच्यावर नावंही घाला. पण शेजारी यायचा थांबला, तर त्याच्या दारात जाऊन का ते विचारा, आणि आजच विचारा. बकाराम पाच वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मला तोंड असून बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.