शनिवारी सुट्टी घेणारा घाणा

मी चौसाळ्याच्या हायवेवरचा लाकडी घाणा बोलतोय. देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा. माझं वय शंभर वर्षं. बरं, शंभर माझ्या बाभळीचं असेल, मी सहाचा. आणि बाभळीचंही मी कुणाकडून ऐकलेलंच.

माझे मालक हानोखकाका थळकर. बँकेच्या नोकरीनिमित्त इकडं आले, रिटायर झाले आणि इथलेच झाले. अख्ख्या पंचक्रोशीत ज्यू घर एवढं एकच. कोकणात त्यांच्या पूर्वजांचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांनी मला बसवलं तेव्हा मोटर आली, बैल गेला. शनिवार मात्र तसाच राहिला. जिल्ह्यात आठवड्याची हक्काची सुट्टी असलेलं यंत्र मी एकटाच. पिठाच्या गिरण्या माझ्यावर जळतात!

यंदा सप्त्याचं काल्याचं जेवण शनिवारी आलं. पाच गावं जेवायला येणार. घरटी पायलीभर करडई गोळा करून सप्त्याचं सगळं बघणारा आसाराम शुक्रवारी सकाळीच हजर. "काका, पुऱ्या तुमच्याच तेलात तळायच्या."

"दिवस मावळायच्या आत चार डबे देतो. शब्द माझा," काका म्हणाले.

मी गरगर फिरत सुटलो. दीड डबा झाला आणि दुपारी लाईट गेली. ती आली तेव्हा सूर्य डोंगराला टेकलेला. काकांनी पुढं होऊन माझं बटण बंद केलं. त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारची सुट्टी, शुक्रवारी दिवस मावळतानाच लागते.

आसाराम घाबरला. "काका, तुमी घरी जा. बटण मी दाबतो."

"अरे, घाणा माझाच की. मी बसलो आन तो राबला, तर कसला शब्बाथ? बैल असता तर त्यालाबी सुट्टीच दिली असती."

शेजारचा गॅरेजवाला कलीम हसला. "काका, जुम्म्याला मीबी नमाजापुरतं गॅरेज बंद करतो. तुमचं तर लई लांबतंय!"

तेलासाठी थांबलेल्या गर्दीतून कुणीतरी टोमणा मारला, "तुमचा देव काय बघायला येतोय का?"

"न्हाई," काका म्हणाले. "मी बघतोय ना."

आसाराम दीड डबा घेऊन गेला आणि शटर खाली आलं. मागच्या घरात सिप्पोराकाकूंनी शब्बाथचा दिवा लावला. भिंतीपलीकडून मला काकांचा आवाज आला, "वीस वर्षांत पहिल्यांदा गावाला दिलेला शब्द मोडला गं. आता कोण कशाला येईल आपल्याकडं?"

काकू म्हणाल्या, "यायचे ते येतील. आधी जेवा."

शनिवारी माझ्यासमोरच मांडव होता. मी शटरच्या फटीला डोळा लावला. मला वाटलं, आता बाजारातले पिशवीतल्या तेलाचे खोके उतरणार. पण खोके आलेच नाहीत. आसारामच्या आईनं, कौशल्याबाईनं, स्वयंपाकाचा ताबा घेतला होता. "पुऱ्या रद्द! दीड डब्यात आमटीची फोडणी भागंल. घरटी वीस-वीस भाकरी थापा."

पंगतीच्या आधी तीच काकांच्या दारात आली. हातात झाकलेलं ताट.

"कशाला बसलाय घरात? कुणी मेलंय का?"

"कौशल्याबाई, तेल राहिलं..."

"तेलाचं ऱ्हाऊ द्या. हे निवद दाखवायच्या आधी काढून ठिवलंय. दुसऱ्या देवापुढचं तुमच्यात चालत न्हाई, मला ठावं हाय."

काका गडबडले. "तुमच्या देवाच्या आधी मला?"

"त्येचं आन माझं मी बघून घीन. तुमी चला, पंगतीला बसून खा."

मी लाखो घाण्यांपेक्षा जास्त जग पाहिलंय, म्हणजे हायवे पाहिलाय. आपल्यात घ्यायचं म्हणून माणसाला आपल्यासारखं करून टाकणारे पुष्कळ असतात. या बाईनं काकांना पंगतीत घेतलं आणि त्यांचं वेगळेपण त्यांच्याच ताटात वाढून दिलं.

त्या पंगतीत काका उठून उभे राहिले. गावाचे आभार मानत त्यांनी असं भाषण केलं, की पाच गावांनी डोळे पुसले.

रविवारी उरलेली करडई घेऊन आसाराम आला, आणि त्याच्यामागं नेहमीची रांग. मी अजून फिरतोय. तुम्हीही या कधी. फक्त वार बघून या.

आता खरं सांगून टाकतो. ते भाषण मी घुसडलं. काका उठलेच नाहीत. मान खाली घालून त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, आणि कौशल्याबाई आमटी घेऊन जवळ आली तेव्हा नुसती वाटी पुढं केली.