वहीतल्या सात चाली

मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हणा हवं तर, पण आमच्या हरिचंद्र मास्तरांनी मला कधी पेटीशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

सिंधी निर्वासितांच्या कॅम्प तीनच्या बाजारात, एका शेठच्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे मी पडून होते. मास्तर तेव्हा पोरसवदा. त्यांनी एकच सूर दाबून पाहिला आणि मला डोक्यावर घेऊन अंबरनाथपर्यंत चालत आले. पुढे त्याच हातांनी हिंदी सिनेमाला चाली दिल्या. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की गाणाऱ्याचं नाव सांगायचे, मास्तरांचं राहून जायचं. ते म्हणायचे, "चाल पोचली ना, मग झालं."

काम सुटलं, पण चाली सुचायच्या थांबल्या नाहीत. निळ्या वहीत त्यांनी सात नव्या चाली लिहिल्या, स्वतःच्या खुणांत. त्या खुणा घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या. नात भाविका मागे लागली, "आबा, मोबाइलवर रेकॉर्ड करूया ना."

"आधी खुणा शीक. यंत्राला काय कळतंय?"

"मग पेटी काय झाडाला लागते का?"

मास्तर खोकला येईपर्यंत हसले. दर रविवारी शिकवायचं ठरलं. पहिल्या चालीची पहिली ओळ झाली, आणि गुरुवारी मास्तर गेले.

दहाव्याच्या दिवशी भाविकाचा पेपर होता, ती आली नाही. तिचा बाप, मास्तरांचा मुलगा दिनानाथ, मला रिक्षात मांडीवर घेऊन बदलापूरला उल्हास नदीच्या घाटावर आला. आवडीची वस्तू म्हणून मला पिंडाशेजारी ठेवलं, माझ्यावर वही. कावळे फांदीवरून नुसते बघत होते. दिनानाथने हात जोडले, "आबा, घर विकणार नाही. भाविकाला शिकवीन." कावळा ढिम्म. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली.

मग शेजारच्या सगुणाबाई पुढे आल्या. स्वतःच्या घरापेक्षा आमच्याच घराची काळजी त्यांना जास्त. "दिनानाथा, बापसाचा जीव वहीत अरकलाय रं. ती त्यांच्यासंगं दे."

मला ओरडायचं होतं. पण भाता कुणी हलवल्याशिवाय मला आवाज नाही.

"आबा, वही तुमच्याबरोबर देतो," दिनानाथ म्हणाला, आणि एक कावळा खाली आला. त्याला भूक लागली होती, मला तर एवढंच दिसलं. सगळ्यांनी डोळे पुसले. वही पाण्यात सोडली.

"आबा सुटले गं," घरी आल्यावर दिनानाथने भाविकाला सांगितलं. सगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या. पोरीचा चेहरा बघून त्यांनी कप तिथेच ठेवला. त्यानंतर आमच्या दारात त्या आल्या नाहीत.

आता मी माळ्यावर असते. भात्याला उंदरांनी भोकं पाडलीत, तरी थोडी हवा धरतो. रविवारी भाविका मला खाली काढते, ती ओळ वाजवते, पुढचे सूर चाचपडते. ते मास्तरांचे नसतात. सगळे सूर माझ्यातच आहेत, पण कुठल्यानंतर कुठला, ते मास्तरांच्या बोटांना ठाऊक होतं.

तुमच्या घरी कुणी असं वही उराशी धरून बसलेलं असेल, तर आजच जवळ बसा. काय हवंय ते त्यांनाच विचारा, ते सांगू शकतात तोवर.

आणि रविवारी इकडे या. एवढी एक ओळ ऐका. मिनिटभरही लागत नाही.