बांधलेले हात

जागृतीच्या कानातलं यंत्र नर्सने काढून ट्रेमध्ये ठेवलं, बांगड्यांसोबत. ऑपरेशनला जाताना अंगावर काही ठेवायचं नाही, नियम तो नियम! बांगड्यांवाचून कुणाचं अडत नाही, पण यंत्र काढलं की जागृतीला कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही, हे कुणी सांगावं? सासू गोदा सकाळपासून सगळ्यांना बजावत होती, "तिला आयकू नाय येत, मना इचारा." आणि सगळे खरंच गोदालाच विचारत होते. पोट जागृतीचं, बाळ जागृतीचं, उत्तरं सासूची.

नवरा धनेश दारापर्यंत आला. "मॅडम, ती हातांनी बोलते. मला आत घ्या ना, कोपऱ्यात उभा राहीन."

"अहो, सिझेरियन आहे, पटकन होतं. घाबरताय काय एवढं?" नर्स म्हणाली आणि दार लोटलं. बिचारा बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. ठाण्यातलं एवढं मोठं हॉस्पिटल, शीळफाट्याहून मुद्दाम गाडी करून आलेले, दाराशी व्हीलचेअरसाठी उतार, भिंतीवर दिव्यांगांच्या स्वागताची पाटी. तिथे वाद कोण घालणार?

आत सगळ्यांच्या तोंडाला मास्क. जागृती लहानपणापासून समोरच्याचे ओठ वाचते. ओठच दिसेनात म्हटल्यावर ती एकेका मास्ककडे नुसती बघत राहिली. पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन तिला आडवं केलं आणि दोन्ही हात टेबलाच्या बाजूच्या फळ्यांना पट्ट्यांनी बांधले. आता बोलायचं तरी कशाने?

भूल देणारे डॉक्टर वाकले. त्यांचा मास्क हलला. जागृतीने मान डोलावली. ही तिची जुनी खोड. कळो न कळो, समोरचा वैतागायला नको म्हणून हो म्हणून मोकळं व्हायचं. रिक्षावाला, शाळेतल्या बाई, सासू, सगळ्यांना तिने असंच हो म्हटलेलं. डॉक्टरांनी पुन्हा काही विचारलं. तिने पुन्हा मान डोलावली.

मग पोटावर चिमटा बसला. डावीकडे काहीच जाणवलं नाही, उजवीकडे मात्र कळ थेट मस्तकात गेली. अरे देवा! अंग सुन्न झालंय का, हेच विचारत होता वाटतं हा मघापासून! तिने नाही नाही म्हणत जोरजोरात मान हलवली. डॉक्टरांना वाटलं पोरगी घाबरलीये, त्यांनी मायेने कपाळावर हात ठेवला. छातीशी लावलेल्या पडद्यावरून ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा हात दिसत होता. त्या हातात कुणीतरी काहीतरी चकाकतं दिलं.

जागृती किंचाळली. घशातून कसला आवाज निघाला, तिला ठाऊक नाही, पण सगळे जागच्या जागी थिजले. भूलवाल्या डॉक्टरांनी झटकन मास्क खाली ओढला.

"दुखतंय?"

तिने मान डोलावली. ते तिच्याकडे बघतच राहिले. मघाचं ते डोलावणं काही न कळताच होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं असावं. त्यांनी तिचा एक हात सोडला. ती उजवीकडे बोट दाखवत राहिली.

तिला कुशीवर वळवून पुन्हा इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने उजवीकडे चिमटा घेतला. "आता?" डॉक्टरांचे ओठ विचारत होते.

लागलं नव्हतं. बहुतेक. मान आपोआप डोलायला निघालेली, ती जागृतीने तशीच धरून ठेवली. नक्की नाही ना लागलं? तिने बोट वर केलं, पुन्हा एकदा बघा म्हणून. हातमोजे घातलेले हात वर धरून सगळे तिच्या उत्तरासाठी खोळंबले, आणि जागृतीने त्यांना खोळंबू दिलं.