यातलं काहीही गाळलेलं नाही

मावशीने त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की आज काही खरं नाही.

गळ्यात ओळखपत्राची दोरी, काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर सगळ्यांना पुरेल एवढं हसू घेऊन तो आला होता. मोठमोठ्या कंपन्या जी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात ती आमच्यासारख्या छोट्या संस्थांनाही मिळावी, तीही फुकट, म्हणून दारोदार हिंडून शिकवायचं, हे त्याचं काम. फोनवर मला ते पटलं होतं. बोलावलं मीच. म्हणून मावशीने सकाळपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जे काही सांगायचं ते ती माझ्या लेकीला सांगत होती.

"तुझ्या आईला म्हणावं, पंखा बंद कर, आत आवाज येतो. तुझ्या आईला म्हणावं, पाहुणे बूट घालून आत आलेत."

लेक टोपलीत पडल्या पडल्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिने निरोप काही पोचवला नाही.

आमची संस्था म्हणजे दोन खोल्या. बाहेर ऑफिस, आत रेकॉर्डिंग. आतल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे जाड काच. अंध मुलांची अभ्यासाची पुस्तकं आम्ही वाचून रेकॉर्ड करतो. ही खोली माझ्या आईच्या या थोरल्या बहिणीने उभी केली आणि अजूनही निम्म्याहून जास्त पुस्तकं तिच्याच आवाजात आहेत. इथला एक नियम कुणालाच चुकलेला नाही. पुस्तक पूर्ण झालं की वाचणाऱ्याने शेवटी एक वाक्य बोलायचं, आणि ते पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला जोडायचं: 'हे पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. यातलं काहीही गाळलेलं नाही.' हे बोलताना मावशी खुर्चीत ताठ होते. नव्या वाचकाला ती आधी हेच पाठ करायला लावते. "डोळे असलेला माणूस पानं चाळून बघेल," ती म्हणते. "यांना आपल्या शब्दावर चालायचंय."

"तर मॅडम, हे अगदी सोपं आहे," पाहुण्याने लॅपटॉप उघडला.

"मॅडम शाळेत असतात. इथे मला सगळे मावशी म्हणतात. तुम्ही काहीच म्हणू नका."

"बरं. हे यंत्र पुस्तकाचे फोटो घेतं आणि स्वतःच वाचतं. पूर्ण मोफत."

"फुकट देणारा माणूस काहीतरी घेऊन जातो. तुम्ही काय नेणार?"

"काहीच नाही! तुमची पुस्तकं, तुमचे आवाज, सगळं आमच्याकडे सुरक्षित राहतं."

"कुठे?"

"सर्व्हरवर."

"तो कुठे असतो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लेकीचं दुपटं सारखं करायला घेतलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," मावशी म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी माझा आवाज ठेवायला निघालाय आणि घराचा पत्ता नाही."

आता त्याचंही हसू आटलं. "मावशी, स्पष्टच बोलतो. तुमच्याकडे एक पुस्तक व्हायला महिने लागतात. यंत्राला एक दुपार पुरते. मुलं इथे ताटकळतात आणि आपण बसतो आपल्याच आवाजाच्या प्रेमात. कसली सेवा म्हणायची ही?"

मावशीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिला तोंडावर असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी एक विचारू?" खिडकीजवळून आवाज आला.

ती आमची वकीलीण. नाव मावशीनेच ठेवलेलं, कारण ही मुलगी कशालाही सरळ हो म्हणत नाही. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनेच्या पेपरात नापास झाली होती आणि सोमवारी तोच पेपर पुन्हा द्यायचा होता. या वेळीही तो गेला तर कॉलेज तिला ठेवणार नव्हतं. यंत्र ऐकून मत द्यायला मीच तिला बोलावलं होतं. घडीची पांढरी काठी मांडीवर ठेवून ती इतका वेळ ऐकत होती.

"यंत्र उसासे टाकतं का?"

"नाही," पाहुणा म्हणाला.

"मग मला चालेल. मावशी प्रत्येक पान उलटताना उसासा टाकतात. वाटतं, माझ्यापायी कुणाला तरी शिक्षा चाललीये."

"कार्टे! घसा फोडून वाचलंय तुझ्यासाठी!"

"वाचलंत की. आणि मी नापास झाले."

"ते माझ्यामुळे?" मावशी उठलीच. पाहुण्याकडे वळून म्हणाली, "अहो दोरीवाले, तुमच्या यंत्राला हिचंच पुस्तक द्या. आणि माझं वाचनही द्या. ताडून बघू दे. माझा एक शब्द कमी निघाला तर उद्यापासून मी या खोलीत पाय ठेवणार नाही. नाही निघाला, तर हे डबडं उचलायचं आणि चालू लागायचं."

त्याला तेच हवं होतं. नमुना म्हणून याच पुस्तकाचे फोटो त्याने आधीच काढले होते. त्याने आमचं रेकॉर्डिंग घातलं आणि पडदा सगळ्यांसमोर केला. जुळलेली ओळ हिरवी, न जुळलेली लाल.

हिरवं. हिरवं. पानामागून पान हिरवं. मावशी हाताची घडी घालून उभी होती. मी यंत्राच्या बाजूची असूनही मला आतून बरं वाटायला लागलं. आमची मावशी ती आमची मावशी.

मग एक लाल ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग सबंध पान. पाहुणा बोटाने पडदा वर सरकवत राहिला आणि लाल काही संपेना.

"बिघडलं तुमचं यंत्र," मावशी म्हणाली.

"ऐकूया ना."

त्याने तेवढा भाग लावला. मावशीचा स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज: 'पुढील प्रकरणात स्त्रीपुरुषांच्या विशिष्ट अवयवांविषयी सर्वसाधारण माहिती आहे. आता आपण पाठीच्या कण्याकडे वळू.' आणि उसासा.

"कुठलं प्रकरण?" वकीलिणीने विचारलं.

पडद्यावरचं मी वाचलं. "ओटीपोट आणि जननेंद्रियं."

"हे गाळणं नाही," मावशी घाईने म्हणाली. "मी सांगितलंय त्यात काय आहे ते. सारांश म्हणतात त्याला. तेव्हा काचेपलीकडे रेकॉर्डिंगला पुरुष बसायचा. त्याच्यासमोर मी तसलं वाचायचं? आणि तुम्ही पोरी वसतिगृहात मोठ्याने लावता..."

मला दिसलं की तिला खरंच तसं वाटत होतं. नाहीतर तिने ताडून बघायला सांगितलंच नसतं.

"ते वाक्य मला पाठ आहे," वकीलीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला वाटलं, पुस्तकातच तसं लिहिलंय. पेपरात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर प्रश्न होता. मी सोडून दिला. निकालानंतर सर म्हणाले, पुस्तकात सबंध प्रकरण आहे. मी भांडले त्यांच्याशी. वर्गासमोर. म्हटलं, माझ्या पुस्तकात काहीही गाळलेलं नाही, मला तसा शब्द दिलेला आहे. सगळे हसले. मला वाटलं, आंधळीला हसतात."

मावशी खाली बसली.

"उद्या बाळंतिणी येतील माझ्याकडे. कुठला स्नायू सैल पडलाय ते मी बोटांनी ओळखायचंय. काय सांगू त्यांना? सर्वसाधारण माहिती आहे, आता पाठीच्या कण्याकडे वळू?"

लेकीच्या जन्मानंतर मला नुसती शिंक आली तरी लघवी सुटेल म्हणून मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरायचे. कुणाला सांगायचीही चोरी. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने ते स्नायू कुठे आहेत आणि कसे आवळायचे ते समजावलं, तेव्हा मी तिच्यासमोर रडले होते. टोपलीतून लेकीने 'ब्बा' म्हटलं. मी तिला उचलून छातीशी धरलं.

पाहुण्याला मात्र चेव आला होता. "बघा. यंत्र लाजत नाही." त्याने बटण दाबलं. यंत्राचा आवाज ते प्रकरण वाचू लागला. सपाट पण स्वच्छ, एकही शब्द न चावता. वकीलिणीने मान पुढे केली. मग आवाज म्हणाला, 'आकृती पाहा.'

"आकृतीत काय आहे?"

"तेही सांगतं. थांब." त्याने पुन्हा बटण दाबलं.

'क्षमस्व. या चित्रात संवेदनशील भाग असल्यामुळे मी त्याचं वर्णन करू शकत नाही. मी आणखी काही मदत करू का?'

मग वकीलीण हसली. गोड नव्हतं ते हसणं.

"मावशी, ही तर तुमचीच बहीण निघाली!"

पाहुण्याने दोरी बोटाभोवती गुंडाळली. "हे... हे कुलूप असतं. शिक्षणाच्या कामासाठी उघडून मिळतं. वर कळवावं लागेल. दोन-तीन आठवडे..."

"परीक्षा सोमवारी आहे."

"चित्रं काढणाऱ्याला लाज नाही, छापणाऱ्याला नाही," ती पुढे म्हणाली. "मला सांगायची वेळ आली की माणसंही लाजतात आणि यंत्रंही. तुम्ही दोघं सकाळपासून माझ्या डोक्यावरून भांडताय, माझं भलं कोण करणार म्हणून. आता करा."

"मी वाचते," मी म्हटलं.

"हो, ही वाचेल," मावशीने लगेच उचलून धरलं. दिवसभरात माझ्या बाजूचं तिचं हे पहिलं वाक्य. "हिला मूल झालंय. हिला काही वाटायचं नाही."

"नाही," वकीलीण म्हणाली. "ज्यांनी शब्द दिला त्यांनीच वाचायचं."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर नका वाचू. फक्त मला हे सांगा, तुमच्या बाकीच्या पुस्तकांचं मी काय करू? प्रत्येकाच्या सुरुवातीला तेच वाक्य आहे."

मावशीने टेबलावरचं पुस्तक उचललं. आतल्या दारापाशी थांबून पाहुण्याला म्हणाली, "तुम्ही बाहेर. अगदी रस्त्यावर."

तो गेला. बूट पायात होतेच.

काचेच्या अलीकडे मी रेकॉर्डिंग सुरू केलं. कानाला हेडफोन, पदराआड दूध पिणारी लेक. शेजारी वकीलीण, हाताशी आत बोलायचं बटण. मावशीने वाचायला सुरुवात केली. पहिल्या अवघड शब्दाला खोकली. दुसऱ्याला पाणी प्यायली. मग वाचत गेली. आकृतीपाशी येऊन थांबली.

"या चित्रात... एक पिशवी आहे."

वकीलिणीने बटण दाबलं. "कुठे? कशाच्या मागे? केवढी?"

"मोठी नाही."

"मावशी, मला बाजारात नाही जायचं. नीट सांगा."

काचेतून मावशीने असा कटाक्ष टाकला की लेकीनेही क्षणभर पिणं थांबवलं. मग तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"आपली मूठ आवळली की होते तेवढी. आकार उलट्या नासपतीसारखा. जाड बाजू वर, निमुळती खाली. तिच्या पुढे मूत्राशय. त्याच्यावर ती जरा ओणवलेली आहे. मागे गुदाशय." तिने बोट आकृतीवरून खाली सरकवलं. "आणि या तिघांना खालून झोळी. झोळीच म्हणते मी. स्नायूंची. पुढे जांघांमधल्या हाडाला बांधलेली, मागे माकडहाडाला."

"सैल पडली की?"

मावशीने पुस्तकात पाहिलं, मग पुस्तक खाली ठेवलं. "मधोमध ओघळते. वरचं सगळं खाली उतरतं." जरा वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "आमच्या आईचं उतरलं होतं. ती कुणाला दाखवायलाच गेली नाही."

माझ्या आजीचं हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही माहीत नसावं. मी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वकीलिणीने बटणावरचं बोट काढलं होतं. दोन्ही तळव्यांची झोळी करून ती एका अंगठ्याने तिचा तळ दाबून बघत होती.

"वाचा पुढे," पुन्हा बटण दाबून ती म्हणाली. "आणि ते शेवटचं पुस्तकात नको. ते तुमचं आहे."

प्रकरण संपलं तेव्हा उन्हं खिडकीतून सरकून दारापर्यंत गेली होती. मावशी घाम पुसत बाहेर आली आणि सरळ रस्त्यावर जाऊन पाहुण्याला हाक मारली.

"अहो, या आत. ताडा."

हिरवं, हिरवं, आणि एक लाल. आकृतीखालचं शीर्षक राहिलं होतं. मावशी आत गेली आणि तेवढं वाचून आली.

"आता माझी बाकीची पुस्तकं घाला त्यात."

"सगळी?"

"सगळी. आणखी कुठे कुठे मी सारांश केलाय ते मला आठवत नाही. तुमचं डबडं लाजतं, पण मोजायला तरी बरं आहे. मात्र माझा आवाज तुमच्या त्या बिनपत्त्याच्या घरात जायचा नाही. इथल्या इथे करा. नसेल जमत तर जमेल तेव्हा या."

"मावशी, ते तसं नसतं हो..."

"मग तसं करून आणा."

तो वही काढून लिहू लागला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता, आणि पहिल्यांदाच मला त्याच्यावर थोडा विश्वास वाटला.

राहिलं होतं ते वाक्य. मावशी माइकसमोर ताठ बसायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं. "हे पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे," ती म्हणाली. "आधी एक प्रकरण गाळलं होतं. आता यातलं काहीही गाळलेलं नाही."

मी ते सुरुवातीला जोडलं आणि पेनड्राइव्ह वकीलिणीच्या हातात दिला. तिने तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, काठी उघडली. दारात थांबून मागे न वळता म्हणाली, "निकाल लागेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाहीये."

"नको बोलूस," मावशी म्हणाली. "ऐक."