नवाईआधीचं कणीस

झेंड्याची दोरी वरच अडकली. विजयाबाईंनी हिसका दिला.

उकडलेल्या मक्याचा वास ऑफिसपर्यंत.

फळ्यावर रंगीत खडूनं: ‘स्वातंत्र्याची पन्नास वर्षे. आपण सारे एक.’

वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक कणीस. त्याला कुणी हात लावलेला नाही.

कणीस रमिला वसावेच्या पुढ्यात होतं. सुरतेच्या उधन्यातल्या त्या मराठी शाळेत झेंडावंदनानंतर अंगतपंगत ठेवायची, ही कल्पना विजयाबाईंचीच. सातवीला नागरिकशास्त्र त्या शिकवत. सगळ्यांनी एका ओळीत बसून एकच खायचं. समानतेचा धडा यापेक्षा सोपा कसा करणार? कणसं त्यांनी स्वतः बाजारातून आणली होती.

प्रमुख पाहुणे ओळीवरून चालत आले आणि रमिलापाशी थांबले.

“आ केम नथी खाती?”

विजयाबाई लगबगीनं पुढे आल्या. रमिला मान खाली घालून म्हणाली, “बाई, आमची नवाई व्हायचीय.”

रमिला भिल्लांची. आईवडील अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून सुरतेत बांधकामावर आलेले. नवा दाणा आधी गावच्या देवाला; तोवर घरात कुणी तो तोंडात घालत नाही. हे तिनं मागं एकदा वर्गात सांगितलं होतं. बाई तेव्हा ‘छान’ म्हणाल्या होत्या आणि पुढचा धडा काढला होता.

पाहुणे अजून उभेच होते.

“आज इथे कुणी वेगळं नाही, रमिला. खा,” बाई म्हणाल्या.

तिनं कणीस उचललं. एकेक ओळ करत ते संपवलं. सगळा वेळ ती बाईंकडे बघत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

नवाईला गावी निघायच्या आदल्या दिवशी रमिलाची आई लेकीला घेऊन ऑफिसच्या दारात आली. चपला बाहेर काढून उभी राहिली.

“बेन, एक विचारायचं होतं,” ती विजयाबाईंना म्हणाली.

या वर्षी नव्या मक्याची टोपली रमिलाच्या डोक्यावर द्यायचं ठरलं होतं. पहिल्यांदाच. पोर वर्षभर त्याचंच बोलत होती.

“कोणी खायला लावलं असंल तर पुजारा पाणी शिंपडून घेतो. टोपली तिच्याकडंच राहते. आपल्या मनानं खाल्लं असंल तर मग नाही. ही काहीच बोलत नाही. म्हणून तुम्हाला विचारते.”

टेबलापलीकडे मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. विजयाबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

“जबरदस्ती कोण करणार? तिनं तिच्या मनानंच खाल्लं.”

आईनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं बाईंकडे. मग रमिलानं हळूच मान हलवली, हो म्हणून.

“चला, कळलं,” आई म्हणाली. वाकून तिनं चपला घातल्या.

गावाहून परतल्यावर रमिला पूर्वीसारखीच पहिल्या बाकावर बसू लागली. टोपली कुणी नेली, हे बाईंनी विचारलं नाही. नागरिकांच्या हक्कांवरचा प्रश्न आला तेव्हा तिनं पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शाळेत खायला काहीही दिलं की ती लगेच खाऊन टाकी, काय आहे ते न बघता.

त्याच वर्षी, झेंडावंदनाच्या तीन महिने आधी, अक्षय तृतीयेला पितरांचं पान वाढून होईपर्यंत, विजयाबाईंच्या घरात कुणी आंबा चाखला नव्हता.